प्रश्न विचारणारा इंद्र

केनोपनिषदाची सुरुवात शिष्याच्या प्रश्नाने होते. मन आपल्या विषयाकडे झेप घेते ते कोणाच्या इच्छेने, प्राण चालतो तो कोणाच्या प्रेरणेने, वाणीला कोण बोलायला लावते, डोळ्यांना नि कानांना कोणता देव कामाला जुंपतो, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. प्रसंगाचे वर्णन नाही, गुरूचे नाव नाही. पहिल्याच श्वासात प्रश्न. सामवेदाच्या तलवकार ब्राह्मणातले हे उपनिषद चार खंडांचे आणि सुमारे ३५ मंत्रांचे. मानवी बुद्धीचे मूळ ईश्वरात आहे, हा विचार आपल्या परंपरेत जागोजागी भेटतो. गायत्री मंत्र सवित्याकडे बुद्धीला प्रेरणा मागतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती आणि ज्ञान आपल्यापासूनच येतात, असे श्रीकृष्ण सांगतो. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या नमनातला गणेश सर्वांच्या बुद्धीला उजळणारा आहे. केनोपनिषद हाच विचार प्रश्नाच्या वाटेने गाठते, आणि त्याचे सौंदर्य मला या वाटेतच दिसते.

शिष्याने ‘कोणता देव’ असे विचारले, तरी गुरू कोणा देवाचे नाव घेत नाही. ज्याच्या बळावर कान ऐकतो आणि मन विचार करते, त्याच्याकडे तो बोट दाखवतो. वाणी, मन, डोळा, कान आणि प्राण यांना एकेक करून घेणारे पाच मंत्र एकाच घाटाचे आहेत आणि त्यांचा शेवटही सारखाच आहे. ही पुनरुक्ती कंटाळवाणी होत नाही, कारण दर वेळी आपला एकेक आधार सुटत जातो. मनाने ज्याला पकडता येत नाही, पण ज्याच्यामुळे मनाला काहीही पकडता येते, त्याला जाण, एवढेच गुरू सांगतो. समोर ठेवून ज्याची उपासना करता येते ते हे नव्हे, हेही तो पुन्हा पुन्हा बजावतो.

दुसऱ्या खंडात विचार आणखी खोल जातो. आपल्याला हे पुरते कळले असे वाटणाऱ्याला फार थोडे कळले आहे, असा इशारा मिळतो. मग हे कळायचे कुठे? उत्तर थक्क करणारे आहे: प्रत्येक बोधात. शंकराचार्यांनी याचा अर्थ लावला आहे तो असा की, मनात उठणाऱ्या प्रत्येक जाणिवेचा जो साक्षी, तोच आत्मा. म्हणजे ईश्वरी प्रकाश फक्त समाधीत किंवा एखाद्या असामान्य प्रतिभेतच आहे असे नाही. लहान मुलाला पहिले अक्षर ओळखू येते, गवंड्याला ओळंबा पाहून भिंत कलल्याचे समजते, आजीला नातवाच्या आवाजातला ताप जाणवतो, त्या प्रत्येक कळण्यात तो आहे. बुद्धीचा इतका मोठा सन्मान मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे.

इथून उपनिषद पद्य सोडून गद्यात येते आणि गोष्ट सांगू लागते. ब्रह्माने, म्हणजे गुरूने ज्याच्याकडे बोट दाखवले त्यानेच, देवांना विजय मिळवून दिला, आणि देवांना वाटले, हा पराक्रम आपलाच. तेव्हा त्यांच्यापुढे एक अद्भुत यक्ष प्रकटला. तो कोण हे शोधून काढायला देवांनी अग्नीला धाडले. यक्षाने अग्नीलाच विचारले, तू कोण, तुझे सामर्थ्य काय? अग्नी म्हणाला, पृथ्वीवरचे सगळे जाळू शकतो. यक्षाने गवताची एक काडी पुढे ठेवली. सगळा जोर लावूनही अग्नीला ती जाळता आली नाही. वायूचीही तीच गत झाली, त्याच्याने ती काडी हलली नाही.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. दोघेही गेले होते विचारायला, पण विचारले कोणीच नाही. स्वतःची ओळख आणि बळ सांगण्यात त्यांची सारी भेट संपली. ऐतरेय उपनिषदात अग्नी वाणी होऊन मुखात शिरतो आणि वायू प्राण होऊन नाकपुड्यांत. ते आठवले की ही कथा पहिल्या खंडाचेच नाट्यरूप वाटू लागते: आधी वाणी परतते, मग प्राण.

शेवटी इंद्र जातो, तर यक्ष अदृश्य होतो. देवांच्या राजाला साधी परीक्षाही मिळत नाही. पण तो माघारी फिरत नाही. त्याच आकाशात त्याला शोभायमान उमा हैमवती भेटते आणि तो तिला विचारतो, हा यक्ष कोण होता? साऱ्या कथेत त्या यक्षाविषयी तोंडावर विचारलेला हा एकच प्रश्न, आणि त्याला लगेच उत्तर मिळते: ते ब्रह्म होते, त्याच्याच विजयात तुम्ही मोठे झालात. शंकराचार्यांच्या मते उमेच्या रूपात इथे विद्याच प्रकटली आहे. गर्वासाठी कोणाला शाप नाही, शिक्षा नाही. उलट अग्नी, वायू आणि इंद्र इतर देवांहून श्रेष्ठ ठरतात, कारण ते ब्रह्माच्या सर्वांत जवळ गेले. सामर्थ्य जिथे थिटे पडले, तिथेच त्यांची योग्यता वाढली.

अखेरीस शिष्य पुन्हा म्हणतो, मला उपनिषद सांगा. गुरू म्हणतो, ते तर सांगून झाले. मग तो या विद्येचा पाया दाखवतो: तप, संयम आणि कर्म; वेद ही तिची अंगे, आणि सत्य हे तिचे घर. मला ही शेवटची पायरी सर्वांत मोलाची वाटते. बुद्धी ईश्वराची देणगी आहे असे मानणाऱ्याने नुसते हात जोडून भागत नाही. ती बुद्धी खोट्याच्या चाकरीला लावण्याचा त्याला अधिकारच उरत नाही.