सात नट आणि उठणारी प्रेते : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’च्या रंगावृत्तीविषयी

माध्यमांतराच्या चर्चेत चित्रपटावरून नाटक करणे ही नाटकावरून चित्रपट करण्याची केवळ उलट क्रिया मानली जाते. ही समजूत तपासून घ्यावी लागते. कादंबरीच्या दोन वाचकांच्या मनातील नायकाचे रूप वेगवेगळे असू शकते; चित्रपटाच्या सर्व प्रेक्षकांना मात्र एकच चेहरा, एकच आवाज आणि एकच प्रकाश आठवतो. त्यामुळे चित्रपटाचे रंगरूप पाहणारा प्रेक्षक मूळ कृती प्रतिमांच्या स्वरूपात सोबत घेऊनच नाट्यगृहात येतो. भयपटाच्या बाबतीत हा पेच अधिकच बिकट होतो. तेथील भय पुष्कळदा चौकटीबाहेर काय आहे या अनिश्चिततेतून जन्मते, आणि रंगमंचाला तशी चौकट नसते.

‘द एक्झॉर्सिस्ट’च्या जॉन पीलमायरकृत नाट्यरूपाने (लॉस एंजेलिस, 2012, पुढे बर्मिंगहॅम व लंडन) विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या 1971 मधील कादंबरीचा आधार सांगितला. प्रेक्षकांच्या स्मृतीत मात्र 1973 चा चित्रपटच होता. हे ऋण न उच्चारता सांभाळण्याचा मार्ग बहुतेक रूपांतरे पत्करतात.

इंग्लंडमधील ‘इमिटेटिंग द डॉग’ ही नाट्यसंस्था आणि लीड्स प्लेहाउस यांनी 2020 च्या आरंभी सादर केलेल्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड – रीमिक्स’ या प्रयोगाने नेमका उलट मार्ग धरला. जॉर्ज रोमेरोचा 1968 चा कृष्णधवल चित्रपट एका पडद्यावर अथपासून इतिपर्यंत चालू राहतो. त्याच वेळी सात नट हाती कॅमेरे घेऊन, मिळेल त्या साधनांनी आणि छोट्या प्रतिकृतींच्या साहाय्याने, त्यातील प्रत्येक दृश्यखंड पुन्हा उभा करतात. ते चित्रण शेजारच्या पडद्यावर उमटते. पंचाण्णव मिनिटांत 1076 कट, म्हणजे सरासरी सव्वापाच सेकंदांना एक! मूळ कृती लपवलेली नाही. ती तुलनेसाठी शेजारी मांडली आहे. तौलनिक अभ्यासकाने मूळ संहिता आणि अनुवाद समोरासमोर ठेवून वाचावा, तसा हा प्रयोग पाहावा लागतो.

याचा पहिला परिणाम म्हणजे भयाची जागा बदलते. प्रेते घरात शिरतील का, यापेक्षा नट पुढच्या कटला वेळेत पोहोचेल का, ही उत्कंठा प्रबळ होते आणि तिच्यासोबत हसू येते. भयानकाचे हास्यात विसर्जन झाले, हा आक्षेप येथे घेता येईल. तो निराधार नाही. पूर्वार्धात कसरतीचे कौतुक कथेला अनेकदा झाकून टाकते. परंतु आक्षेप घेणाऱ्याने एक साधा हिशेब करून पाहावा. पेनसिल्व्हेनियातील त्या शेतघरात वेढली गेलेली माणसे सात, आणि रंगमंचावरील नटही सातच. घराबाहेरच्या प्रेतांसाठी आणि शेवटी येणाऱ्या बंदूकधारी टोळीसाठी वेगळी माणसे उरतच नाहीत. दार आतून दाबून धरणारे आणि बाहेरून ढकलणारे याच सातांतून यावे लागतात. काटकसरीतून आलेली ही दुहेरी-तिहेरी भूमिकांची युक्ती म्हणजेच या रंगावृत्तीचा खरा अन्वयार्थ होय. प्रेते आणि त्यांना टिपणारी टोळी यांच्यातील साम्य रोमेरो सूचित करतो. येथे ते नटांच्या देहांतच सामावलेले आहे.

दोन पडद्यांची योजनाही केवळ तांत्रिक नाही. मूळ चित्रपटात आधी रेडिओ आणि मग दूरचित्रवाणी संच घरातल्यांना बाहेरच्या जगाची वार्ता देतात. भरताने युद्ध आणि मरण रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाद्वारे सूचित करण्यास सांगितले आहे. रोमेरोच्या चित्रपटात बातमीदार हे प्रवेशकाचेच काम करतो. मात्र रोमेरो तेवढ्यावर थांबत नाही, मरण आणि नरमांसभक्षणही समोर आणतो. पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या त्या माणसांची अवस्था रंगावृत्तीत प्रेक्षकाच्या वाट्याला येते. बातमी पाहावी की शेजारी घडणारे पाहावे, हे त्याला दर क्षणी ठरवावे लागते.

साठीच्या दशकातील अमेरिकी राजकारणाचे, हत्यांचे आणि नागरी हक्कांच्या लढ्याचे संदर्भ प्रयोगाने उघडपणे आणले आहेत. हा त्यातील दुबळा भाग म्हणावा लागेल. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली, आणि तरीही चित्रपटातील एकही पात्र त्याच्या वर्णाचा उल्लेख करीत नाही. या मौनाचा दाब भाष्याने हलका होतो.

शेवटी मात्र रंगावृत्ती मुळाइतकीच कठोर होण्याची शक्यता उरते. तळघरात जाण्यास सतत विरोध करणारा बेन तळघरामुळेच वाचतो आणि सकाळी वर येताच प्रेत समजून टिपला जातो. यानंतर रोमेरो हलती चित्रे थांबवतो. मांस उचलण्याचे आकडे, बेनचा देह, रचलेली चिता हे सारे दाणेदार स्थिरचित्रांत येते. चित्रपटाला स्थिर होणे सोपे असते. दीड तास प्रत्येक कटमागे धावलेल्या नटाला मात्र धाप रोखून निश्चल पडावे लागते, आणि शेजारच्या पडद्यावर 1968 चा बेन निश्चल असताना त्याची छाती किंचित हलत राहते.