पॅन, खांब आणि चादर

पबजीत सर्वांत भरवशाचं चिलखत कोणतं, असं सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. लेव्हल थ्रीचं जॅकेट हे पुस्तकी उत्तर. खेळलेला पोरगा म्हणेल, पॅन. अंडं तळायचा, दांड्याचा, काळाकुट्ट पॅन. हातात असला तर समोरच्याला आडवा करतो. नसला तर पाठीमागे कमरेखाली लटकत राहतो आणि तिथे बसलेली गोळी टण्णकन परतवून लावतो. जॅकेट गोळ्या खाऊन निकामी होतं, हेल्मेट फुटतं, पॅनला पोचासुद्धा येत नाही. २०१७ साली संगणकावर आणि २०१८ मध्ये मोबाइलवर आलेल्या या गेममध्ये बंदुका डझनावारी आहेत, त्यांची नावं खऱ्या बंदुकांची आहेत. टी-शर्टवर छापला गेला तो मात्र पॅन, आणि स्पर्धेतल्या विजेत्यांना सोनेरी करून दिला तोही पॅनच. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, तेव्हा पॅन सोबत होताच.

या पॅनचा पूर्वज सिनेमातला आहे. २००० सालच्या ‘बॅटल रोयाल’ या जपानी चित्रपटात शाळकरी मुलांना एकमेकांना मारण्यासाठी शस्त्रं वाटली जातात, ज्याच्या नशिबी जे येईल ते. कुणाला बंदूक मिळते, नायकाला मिळतं पातेल्याचं झाकण. पबजीचा कर्ता ब्रेंडन ग्रीन या चित्रपटाचं ऋण मान्य करतो. चित्रपटात झाकण हा क्रूर विनोद होता. गेममध्ये त्या विनोदाला नियम मिळाला, आणि कळीचा फरक इथेच आहे. सिनेमातल्या वस्तूकडे आपण बघतो. गेममधल्या वस्तूने काहीतरी करावं लागतं, तेही दरवेळी तसंच, आणि ते करताना आपला अंगठा तिच्यात गुंतावा लागतो. रोजच्या वापरातली एखादी वस्तू गेममध्ये अजरामर होते ती देखणी असते म्हणून नव्हे. तिला दिलेला नियम तिच्या मूळ स्वभावाला धरून असतो आणि तरी चकवतो, म्हणून होते.

या कसोटीवर जुनी नावं घासून बघावीत. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये भौतिकशास्त्रज्ञ नायकाच्या हाती पहिल्यांदा येते ती कटावणी. खोकी फोडायची, अडलेली वाट मोकळी करायची आणि अंगावर येणाऱ्याच्या टाळक्यात हाणायची. गेममध्ये पुढे कितीही भारी शस्त्रं मिळोत, लोकांच्या ध्यानात राहिली ती लाल कटावणीच. ‘मेटल गियर’मध्ये (१९८७) पुठ्ठ्याचा खोका आहे. गुप्तहेर त्याच्याखाली दडून पहारेकऱ्यांची नजर चुकवत सरकतो. खोका जागचा हलला नाही की त्याचा संशय कुणालाच येत नाही, आणि हा वेडेपणा त्या गंभीर मालिकेने पुढच्या भागांतही सोडला नाही. ‘माइनक्राफ्ट’मधल्या खाटेवर झोपलात की मेल्यावर पुन्हा जन्म तिथेच.

मला सर्वांत आवडतो तो १९९६ च्या ‘रेसिडेंट एव्हिल’मधला टाइपरायटर. भुताटकीच्या त्या वाड्यात खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायचा असेल तर टाइपरायटर गाठावा लागतो, आणि प्रत्येक वेळी एक शाईची रिबन खर्ची पडते. रिबनी मोजक्या. म्हणजे आत्ता नोंद करू की आणखी दोन खोल्या जिवावर उदार होऊन पार करू, हा हिशोब सतत डोक्यात. सरकारी नोकरीच्या आशेने टायपिंगच्या क्लासला जाऊन बोटं दुखवलेल्या आमच्या पिढीला ती रिबन निराळी समजावून सांगावी लागली नाही. खडखडाट, शाई, कागदावर उमटलेलं कायमचं अक्षर, हा त्या यंत्राचा मूळ स्वभाव. गेमने तो ओळखला आणि त्यातून धास्ती निर्माण केली. भीतीचं खरं हत्यार त्या गेममध्ये राक्षस नाहीत, ही साठत-आटत जाणारी रिबन आहे.

आता आपल्याकडे वळू. वस्तूशी खेळणं मराठी घराला कुणी शिकवायला नको. भातुकलीत जातं, बंब, शेगडी, पाटा-वरवंटा सगळं बोटभर उंचीचं होऊन येतं, आणि चुरमुऱ्यांचा भात कुणाला आधी वाढायचा यावरून खरी भांडणं होतात. मंगळागौरीच्या रात्री सूप धान्य पाखडत नाही, ते नाचवलं जातं. लाटणं पोळपाट सोडून हातात ठेका धरतं. लगोरीला कौलाचे नाहीतर फरशीचे तुकडे चालतात. सागरगोटे, चिंचोके, कवड्या यांना बाजारात काय भाव आहे हे खेळताना कुणी विचारत नाही. इथे प्रत्येक वस्तूला तिच्या रोजच्या कामाहून निराळा, पण तिच्या आकाराला, वजनाला, आवाजाला शोभणारा नियम मिळाला आहे. गेमची रचना करणारे म्हणतात ती करामत हीच, आणि आपल्याकडच्या बायकांनी नि पोरांनी ती कुठलाही कोर्स न करता साधली.

म्हणून आपल्याकडे तयार झालेले व्हिडिओ गेम बघताना आश्चर्य वाटतं. ही सगळी शिदोरी जाते कुठे? २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीने प्लेस्टेशन टूसाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ केला, तिथपासून आपली नजर आकाशात आहे. गदा, धनुष्य, दिव्यास्त्रं, मंदिरांची शिखरं. २०२४ मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ आणला. त्यात प्राचीन भारताला भविष्यात नेऊन बसवलंय. रंग झकास, कमानी झकास, पण दहा सामने खेळून झाल्यावर एकही वस्तू हाताला चिकटून येत नाही. नवी मुंबईच्या ‘लुडो किंग’ने २०२० च्या टाळेबंदीत घराघरात ठाण मांडलं हे खरं. पण फाशाचा खुळखुळाट, तो पलंगाखाली गेल्यावरची शोधाशोध आणि ‘तिरका पडला, पुन्हा टाक’ हा वाद पडद्यावर आला नाही. उरली ती ‘ॲप मुद्दाम सहा देत नाही’ ही तक्रार. पैशांच्या रमीबद्दल तर बोलायलाच नको. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी येईपर्यंत आपल्याकडे गेमिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रमीच्या जाहिरातीच यायच्या.

‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला हा गेम परदेशातही वाखाणला गेला. त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. जत्रेत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, दुर्गेने दिलेला त्रिशूळ, आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते प्रसंग ओळखीचे वाटतील. त्रिशूळ वीज पाडतो, धनुष्य येतं, ढाल-तलवार येते. समीक्षकांनी याच शस्त्रांवर लिहिलं. मला विचाराल तर ‘राजी’मध्ये मनात बसणारी वस्तू खांब आहे. लढताना राजी धावत जाऊन दगडी खांबाला धरते, गरकन फिरते आणि त्या वेगात असुरांना उडवून देते. भिंतीवर दोन पावलं चढून उलटी येते. ज्याने मल्लखांब पाहिलाय त्याला पकडीचा तो क्षण, शरीराचं वजन खांबावर सोपवून पाय मोकळे होण्याचा, लगेच कळतो. कसरतवाल्याच्या मुलीला वास्तूतली एक मुकी वस्तू शस्त्र म्हणून सापडते. देवाने दिलेल्या त्रिशुळापेक्षा तिने स्वतः शोधलेला हा खांब तिच्याबद्दल जास्त सांगतो. पण गेम या खांबाला एका हालचालीपुरताच वापरतो आणि पुन्हा दिव्यास्त्रांकडे वळतो. दोन पावलं पुढे गेला असता तर एक अस्सल इथली प्रतिमा जगाला मिळाली असती.

उलट टोकाला एक गेम आहे, ज्याचं नाव कुठल्या पुरस्काराच्या यादीत येणार नाही. ‘इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी’. रस्ते सपाट, माणसं लाकडी, भौतिकशास्त्र रामभरोसे. पण शाळकरी पोरांना त्यातला मोबाइल फोन विचारा. गेममध्येच खिशातून फोन काढायचा, ठरावीक आकडे डायल करायचे, की हवी ती गाडी समोर हजर. हे आकडे पोरं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात आणि एकमेकांना सांगतात, जसे आम्ही एके काळी टीव्ही गेमची कॅसेट चालेना की फुंकर कुठून मारायची ते सांगायचो. बापाच्या हातातला फोन फिरला की कामं होतात, हे घरोघरी पाहिलेल्या पोरांना या फोनचा नियम समजवावा लागत नाही. ओबडधोबड गेमला जे साधलं ते भपकेबाज गेमना साधलं नाही, याची नोंद आपल्या गेमवर लिहिणाऱ्यांनी घ्यायला हवी होती.

स्वयंपाकघरातली वस्तू गेममध्ये किती खोल जाऊ शकते, हे दाखवलं टोरांटोच्या ‘व्हिसाई गेम्स’ने, २०२३ च्या ‘वेंबा’मध्ये. कॅनडात स्थायिक झालेलं तमिळ जोडपं, आईची डाग पडलेली, फाटलेली पाककृतींची वही, आणि पहिलंच कोडं इडलीपात्राचं. थाळ्या एकावर एक कशा रचायच्या की वाफ वरपर्यंत पोहोचेल? वहीतला नेमका तो भाग गेलेला. खेळणारा थाळी फिरवतो, भोकं बघतो, चुकतो, पुन्हा लावतो. आईने न लिहिलेलं, तिच्या हातालाच ठाऊक असलेलं ज्ञान आपल्या हाताला शोधावं लागतं. संवादांची दहा पानं लिहूनही परदेशी गेलेल्या घराची ही अडचण एवढी नेमकी उतरली नसती. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या ‘अनपॅकिंग’मध्ये (२०२१) तर दुसरं काहीच नाही. एका मुलीने १९९७ पासून बदललेली घरं आणि प्रत्येक वेळी खोक्यांतून काढून लावायचं सामान. मित्राच्या घरी राहायला गेल्यावर तिच्या पदवीच्या चौकटीला भिंतीवर जागाच सापडत नाही. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते आणि तेव्हाच गेम पुढे जाऊ देतो. त्या नात्याचं काय होणार हे आपल्याला तिथेच कळतं, एकही शब्द न बोलता.

सोलापूरच्या वाचकाला साहजिकच विचारावंसं वाटेल, आपल्या गावची वस्तू कुठली? उद्या कुणी सोलापूरवर गेम काढला तर त्यात भुईकोट किल्ला येईल, सिद्धेश्वराचं तळं येईल, गड्ड्याची जत्रा आणि नंदीध्वज येतील. सगळं पाठीमागच्या पडद्यावर. माझं मत चादरीला.

चादर गेमच्या जगाला परकी मुळीच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांवर ती जॅकार्डने विणली गेली. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर चौकोन भरून काढायची, मग त्या चौकोनांनुसार पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे आकडा उभा धागा उचलतो, नसेल तिथे धागा खालीच राहतो, आणि मधून धोटा पळतो. हो किंवा नाही, एवढीच भाषा. फ्रान्समध्ये १८०४ साली आलेल्या या यंत्राच्या पुठ्ठ्यांवरूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला आज्ञा द्यायची कल्पना घेतली. म्हणजे मारिओच्या कितीतरी आधी आमच्याकडची फुलं आणि मोर चौकोनाचौकोनांनी बनत होते. शिवाय अस्सल सोलापुरी चादर दुहेरी विणीची. उलटली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल करून दिसते. पातळीचा नकाशा उलटा करण्यासाठी कुठल्याही गेमरचनाकाराला याहून चांगली वस्तू शोधून सापडायची नाही.

आणि तिचे उपयोग! पांघरायची, अंथरायची, बाळाची झोळी बांधायची, गाठोडं वळायचं, लग्नात आहेर म्हणून द्यायची. समजा आषाढी वारीतल्या एका माणसाकडे एकच चादर आहे. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम. पावसात भिजली की ती जड होते, वाळायला वेळ लागतो, ओली पांघरली तर सकाळी अंग धरतं. शेजारच्या म्हाताऱ्याला दिली तर आपण कुडकुडायचं, पण दुसऱ्या दिवशी तोच आपल्याला ट्रॉलीत जागा मिळवून देईल. चादर तीच, नियम तिच्याच स्वभावातले, आणि पंढरपुरापर्यंत जायला पुरेसे पेच. यात मारामारी कुठाय, असं कुणी म्हणेल. ‘अनपॅकिंग’मध्ये तरी कुठे होती? खर्चाचं कारणही चालायचं नाही. ‘वेंबा’ मूठभर माणसांनी केला.

भीती वेगळीच आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलंय. आता ‘आपली संस्कृती गेममध्ये आणा’ असा आग्रह वाढेल आणि त्यात सोलापुरी चादरीचाही नंबर लागेल. ती बहुधा येईल पॅराशूटवरची नक्षी होऊन, नाहीतर बंदुकीला चढवायच्या पैसे मोजून घेतलेल्या खोळीवर. पानिपतची नक्कल सोलापुरी म्हणून विकली जाते तेव्हा निदान ती थंडीत पांघरता येते. गेममधल्या त्या चादरीने तेवढंही होणार नसेल तर ती न आलेली बरी.