थुकरटवाडीचे हसू

दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमाचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात कशासाठी, असे आमच्या काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या ही त्रयी जन्मास घातली तेव्हाही, असला पोरकटपणा प्रौढ वाचकांपुढे कशास मांडावा, असे म्हणणारे गृहस्थ असतीलच. 'झी मराठी' वाहिनीवर २०१४ च्या ऑगस्टात सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम आपल्या मूळ स्वरूपात २०२४ च्या मार्चपर्यंत चालला. जवळजवळ दहा वर्षे रात्रीची जेवणे आटोपून आजीपासून नातवापर्यंत सारे घर एकत्र बसून ज्याला हसले, त्याचा विचार वाङ्मयाच्या चिकित्सकाने करू नये तर कोणी करावा? गडकऱ्यांच्या 'बाळकरामा'लाही इतका नित्याचा वाचक लाभला नसेल.

येथे आम्ही अमुक एका तारखेचा भाग निवडलेला नाही. या कार्यक्रमाचे चार भाग पाहिले की पाचव्याचा सांगाडा मुखोद्गत होतो, आणि आमचे जे काही म्हणणे आहे ते त्या सांगाड्याविषयीच आहे. थुकरटवाडी नावाचे एक कल्पित गाव. डॉ. निलेश साबळे त्याचे सूत्रधार. लेखन व दिग्दर्शन यांचा भारही मुख्यतः त्यांच्याच शिरावर. नवा चित्रपट किंवा नवे नाटक घेऊन पाहुणे येतात, सोफ्यावर विराजमान होतात, त्यांची वास्तपुस्त होते. मग भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे व श्रेया बुगडे ही मंडळी एखादे प्रहसन करून दाखवितात; पुष्कळदा ते पाहुण्यांच्याच कलाकृतीचे विडंबन असते. आणि हसून हसून सर्वांची मुरकुंडी वळल्यावर, बऱ्याच भागांत, एक पोस्टमन येऊन पत्र वाचतो.

प्रथम गुणांविषयी. भाऊ कदमांइतका थांबण्याचे मोल जाणणारा नट अलीकडे आमच्या पाहण्यात नाही. वाक्य विसरल्यासारखा चेहरा करून ते क्षणभर गप्प राहतात, आणि त्या क्षणात प्रेक्षक स्वतःच पुढचा विनोद रचून हसू लागतो. नटास बोलण्याचे कारणच उरत नाही. गणेशपुऱ्यांनी वऱ्हाडी बोली पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात आणून बसविली, आणि तीही गडीमाणसाची बोली म्हणून नव्हे. सरपंच असो, नवरा असो वा फौजदार, त्यांचे पात्र वऱ्हाडीत बोलते, कारण ते वऱ्हाडीतच विचार करते. मराठी रंगभूमीने जे औदार्य फार उशिरा दाखविले ते येथे सहज घडले. श्रेया बुगड्यांची नक्कल करण्याची हातोटी असामान्य आहे. मात्र पाच-सहा पुरुषांत एकच स्त्री, आणि तरीही प्रत्येक भागात स्त्रीपात्रे तीन-चार, हा हिशेब वाचकाने ध्यानात ठेवावा; त्याकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे.

आता गावाच्या नावाविषयी दोन शब्द. 'थुकरट' म्हणजे हलके, कवडीमोलाचे. जे गाव स्वतःलाच थुकरट म्हणवून घेते त्याला दुसऱ्याने काय नावे ठेवावीत? हे चातुर्य जुनेच आहे. तमाशातला सोंगाड्या आधी स्वतःला मूर्ख ठरवून घेतो आणि मग त्या मूर्खपणाच्या आडून वगातल्या राजाला, प्रधानाला, पाटलाला धारेवर धरतो. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके जे बोलत, ते सत्तेवरच्या मंडळींना झोंबत असे. आणि सोंगच असल्यामुळे त्यांना हसून घेण्यावाचून गत्यंतर नसे. मूर्खपणाचा झगा हा असा परवाना असतो. थुकरटवाडीने झगा घेतला, आणि परवाना मात्र खुंटीवर टांगून ठेवला, अशी आमची मुख्य तक्रार आहे.

याचे मूळ त्या सोफ्यात आहे. विडंबन म्हणजे काय हे पुण्याच्या वाचकास शिकविण्याची गरज नाही. १९२५ साली 'झेंडूची फुले' याच शहरात फुलली. रविकिरण मंडळाच्या कवींची अत्र्यांनी जी टोपी उडविली, ती त्यांच्या कवितांची लकब न् लकब पचविल्यावाचून उडविता आली नसती. विडंबनकार हा मूळ कृतीचा सर्वांत बारकाईने वाचन करणारा वाचक असतो, म्हणूनच त्याची थट्टा ही टीका ठरते. परंतु केशवकुमारांनी कविमंडळींस आधी आमंत्रण धाडून, गुच्छ देऊन, समोर बसवून ती फुले वाहिली नव्हती. थुकरटवाडीत नेमके हेच घडते. ज्यांच्या चित्रपटाचे विडंबन व्हावयाचे, तेच पाहुणे. त्यांचा चित्रपट येत्या शुक्रवारी लागावयाचा असतो. त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे कॅमेरा दर अर्ध्या मिनिटाने वळतो, आणि घरचा प्रेक्षक प्रहसन पाहावयाचे सोडून, पाहुण्यांना ते रुचले की नाही हे पाहू लागतो. अशा स्थितीत विडंबनकाराच्या लेखणीस टोक राहावे कसे? जे विडंबन पाहुण्याने तिकीटविक्रीसाठीच मागितलेले असते, ते विडंबनाचा वेष घेतलेली जाहिरात होय.

२०१६ साली 'सैराट'ची मंडळी थुकरटवाडीत आली होती. तो चित्रपट त्या वर्षी मराठी घराघरांत शिरला होता, त्यामुळे त्या भेटीचे अप्रूप मोठे होते. आता या चित्रपटाचे विडंबन कोणत्या अंगाने होऊ शकते याचा विचार करा. गाण्यांचे होऊ शकते, परश्याच्या भाबडेपणाचे होऊ शकते, बुलेटवर बसणाऱ्या आर्चीच्या ऐटीचे होऊ शकते. पण त्या कथेचा गाभा शेवटच्या प्रसंगात आहे: जातीच्या अभिमानाने आईबाप मारले गेल्यावर रक्तात पाय भिजलेले ते पोर एकटे चालत जाते. खरा विडंबनकार त्या मुलाची थट्टा करणार नाही; तो थट्टा करील त्या गावकीची, त्या प्रतिष्ठेची, 'आमच्या घरात असले चालत नाही' म्हणणाऱ्या तुमच्या-आमच्या दिवाणखान्याची. 'झिंगाट'वर नाचून घरी परतलेला आणि मुलीच्या मोबाइलवर पहारा ठेवणारा बाप हे प्रहसनाचे पात्र नव्हे काय? ते पात्र सोफ्यावरच्या पाहुण्यांना कदाचित आवडलेही असते. पण ज्या उत्सवी सांगाड्यात हे सारे बसवावयाचे असते त्यात त्याला जागा नाही. त्याच वर्षी शाहरुख खान 'फॅन' या चित्रपटाच्या निमित्ताने आले. मराठी कार्यक्रमाच्या दारी हिंदीचा इतका मोठा नट आला याचा सर्वांस अभिमान वाटला, आणि तो वाटणे स्वाभाविक होते. मात्र जितका पाहुणा मोठा तितका विनोद विनम्र, हा नियम तेव्हापासून अधिकच पक्का झाला.

हसू तर दर भागात पिकवावयाचे आणि पाहुण्यास ओरखडाही उमटू द्यावयाचा नाही, मग बाण जाणार कोठे? तो घरच्याच माणसांवर जातो. नटाचा काळा वर्ण, सुटलेले पोट, टक्कल, बुटकेपणा यांवर जे विनोद दहा वर्षांत झाले त्यांची गणती करणे कठीण आहे. नट स्वतःच आनंदाने आपली थट्टा करवून घेतात, असे यावर उत्तर मिळते. ते आम्ही मान्य करतो. परंतु घरी पडद्यासमोर बसलेली जी सावळ्या रंगाची मुलगी आठवड्यातून दोन वेळा ही थट्टा ऐकते, तिने कोठे संमती दिलेली असते? चिं. वि. जोश्यांचा चिमणरावही किरकोळ बांध्याचा, भित्रा आणि बावळट होता. दिलीप प्रभावळकरांनी मुंबई दूरदर्शनवर तो उभा केला तेव्हा महाराष्ट्र त्याला पोट धरून हसला. मात्र आपण हसलो ते त्याच्या बढाईला, त्याच्या घाबरटपणाला, म्हणजे आपल्यातच असलेल्या एका स्वभावाला. स्वभाव बदलता येतो किंवा निदान लपविता तरी येतो. वर्णाचे तसे नाही.

स्त्रीवेषाची गोष्ट याच पोटातली. पुरुषाने लुगडे नेसणे हे मराठी प्रेक्षकास मुळीच नवे नाही. पुण्यात ज्यांच्या नावाने नाट्यगृह उभे आहे त्या बालगंधर्वांनी ते असे नेसले की कुलीन स्त्रियांनी त्यांच्याकडून नेसण्याची तऱ्हा उचलली. थुकरटवाडीत पुष्कळदा लुगडे हाच विनोद असतो. दाढीची खूण दिसणारा गाल, पदरातून डोकावणारा पुरुषी दंड, की झाला हशा! त्या पात्रास बोलावयास काही द्यावे याची निकड लेखकास भासत नाही. तमाशाच्या गौळणीत मावशीचे सोंगही पुरुषच घेतो आणि तिलाही प्रेक्षक हसतात. पण मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची वाट कृष्णाने अडविली की प्रत्यक्ष देवाशी हुज्जत घालावयास तीच पुढे सरसावते. हसे तिचे होते, आणि जीभही तिचीच चालते.

या मावशीची एकच खरी वारस आम्हांस थुकरटवाडीत आढळली. सागर कारंडे यांनी उभी केलेली 'पुणेरी बाई' ती हीच.

पुणेकर म्हणून या पात्राविषयी आम्ही तटस्थ राहू शकत नाही, हे उघड आहे. पुणेरी माणसाच्या नावावर खपणारा बराचसा विनोद आता शिळा झाला आहे. चितळे बंधूंचे दुकान दुपारी एक ते चार बंद असते, हा विनोद घ्या. २०१७ पासून ते दुकान दुपारीही उघडे राहू लागले, पण विनोद मात्र अजून एक ते चार विश्रांतीच घेत आहे. पाट्या, पेठा, पाहुण्यास चहा न विचारणे हा माल पुलंनी इतका आतून आणि इतक्या लोभाने वापरला की त्यानंतर येणाऱ्याच्या हाती बहुधा कोरडी सालेच लागतात. कारंड्यांच्या बाईतही ही साले आहेतच. तथापि तिच्यात दुसरेही काही आहे. ती शुद्ध, संथ, सुसंस्कृत स्वरात बोलते आणि समोरच्याच्या मोठेपणाने यत्किंचितही दिपून जात नाही. पाहुणा कितीही थोर असो, ती त्याच्याकडे पेठेतल्या वाड्याच्या ओट्यावरून रस्त्याकडे पाहावे तशी पाहते. तिच्या तोंडी पाहुण्याविषयी तिरकस शब्द शोभतो, कारण पुणेरी बाईने अपमान करणे हा तिचा स्वभावधर्म सर्वांनी मान्य केलेला आहे. म्हणजे सोंगाड्याचा जो परवाना खुंटीवर टांगला गेला, तो पदरात बांधून हिंडणारी त्या गावात ही एकच. ती आली की सोफ्यावरची मंडळी किंचित सावरून बसतात. ते सावरून बसणे आम्हांस त्या साऱ्या कार्यक्रमातील सर्वांत मोलाचे वाटते.

आणि याच नटाचे दुसरे रूप म्हणजे तो पोस्टमन. त्याने वाचलेली पत्रे अरविंद जगताप यांच्या लेखणीतून उतरली, आणि पुढे ती पुस्तकरूपानेही वाचकांपुढे आली. दुष्काळ, शेतकऱ्याच्या घरातले मरण, सीमेवरचा जवान, मुले शहरास गेल्यावर गावी मागे राहिलेली म्हातारी माणसे, हे या पत्रांचे विषय. खाकी वेषातला माणूस संथपणे वाचू लागतो, वाद्ये मंद होतात, आणि घटकेपूर्वी खिदळणाऱ्या पाहुण्यांचे डोळे पाणावतात. या पत्रांची भाषा साधी आहे आणि तिच्यात खेड्यातल्या माणसाचा उपरोध आहे. पुष्कळ पत्रांत तर निखळ विनोदही आहे, तोही प्रहसनातल्या विनोदाहून अधिक धारदार. सरकार, सावकार, शहरी माणसाचा कोरडा कळवळा यांना जे टोले प्रहसनाने हाणावयाचे, ते पोस्टमनच्या पिशवीत सापडतात.

कित्येक रसिकांनी या पत्रांची मुक्तकंठाने स्तुती केली. विनोदाच्या कार्यक्रमाने समाजाचे ऋण फेडले, असे म्हटले. पत्रांच्या गुणवत्तेविषयी आमचे दुमत नाही. त्यांच्या जागेविषयी मात्र आहे. गंभीर गोष्ट सांगावयाची तर हसणे थांबविले पाहिजे, अशी एक समजूत या रचनेत गृहीत धरलेली आहे. आधी पाऊण तास ज्याचा कशाशी संबंध नाही असे हसावयाचे, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून शेवटी पाच मिनिटे रडावयाचे. देवलांच्या फाल्गुनरावाने नवराबायकोंतला संशय किती घातक असतो हे शिकविले, ते पत्र वाचून नव्हे. कोल्हटकरांनी रूढींची लक्तरे काढली ती हसतहसतच, आणि वाचकास रडविण्याची त्यांना एकदाही गरज पडली नाही. शिवाय रडणारा पाहुणा फार सुरक्षित असतो. अश्रूंनी त्याचे कोणतेही नुकसान होत नाही. उलट त्याच्या अंतःकरणाची कोमलता सर्वांस दिसते आणि शुक्रवारचा चित्रपट आहे तिथेच राहतो. हसू त्याच्याकडे वळले असते तर मात्र त्याला उत्तर द्यावे लागले असते.

कार्यक्रम २०२५ च्या जुलैत नव्या रूपात परतला. सूत्रधाराच्या जागी अभिजीत खांडकेकर आले, आणि नटवर्गात जुन्यांबरोबर काही नवे दाखल झाले. त्याविषयी इतक्यात मत देण्याची घाई आम्ही करीत नाही. जुन्या थुकरटवाडीतले एक दृश्य मात्र आम्ही मनाशी पुष्कळदा रंगवून पाहिले आहे. पुणेरी बाई आणि पोस्टमन एकाच नटाच्या देहात राहिल्यामुळे त्यांची गाठ पडणे अवघडच होते. पण समजा, पडली असती. पत्र वाचून संपले आहे, सोफ्यावर रुमाल निघाले आहेत, वाद्ये अजून मंदच आहेत, आणि ही बाई पदर सावरीत पुढे येऊन पाहुण्यांना विचारते, "रडून झालं का आपलं? मग आता सांगा, या पत्रातला शेतकरी आपल्या पुढच्या चित्रपटात कितव्या रांगेत उभा असणार आहे?"