असईत शार्प जिंकतो, पण भांडण कुणाचं?

बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स ट्रायम्फ’ (१९९८) मी वाचली, कारण ती आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईत संपते. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई त्यानं जबरदस्त उभी केलीय. केळणा नदी ओलांडणारी वेलस्लीची फौज, समोर शिंद्यांच्या तोफा... मी रात्री दोनपर्यंत जागलो.

लढाई झाली का, हे मात्र कादंबरी घाईत उरकते. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुणं घेतलं. दुसरा बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी करार करून बसला. सहा हजारांची तैनाती फौज मिळणार, बदल्यात वर्षाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. शिवाय इंग्रजांचं युरोपातल्या एखाद्या देशाशी युद्ध जुंपलं आणि त्या देशाचा, पेशव्यांच्या नोकरीतला माणूस कारस्थान करताना सापडला, तर त्याला काढायचं. भांडण तिकडचं, अट इकडं! मे १८०३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलंही.

शिंद्यांच्या कवायती फौजेत इंग्रजांना फ्रेंच धोका दिसायचा. असईत तिच्या पलटणी लढवणारा पोलमन मात्र हॅनोव्हरचा, म्हणजे इंग्लंडच्याच राजाच्या दुसऱ्या राज्यातला. कॉर्नवेलनं त्याला हत्तीवर बसवलंय. मला हत्तीपेक्षा हे जास्त रंजक वाटतं.

ऑफिसात युक्रेन-नाटोवर वाद झाला की मी ठणकावायचो, ‘मोठ्यांच्या आधाराला जाऊच नये.’ आता तेवढं तोंड चालत नाही. होळकर दारात असताना बाजीरावानं काय करायचं होतं? कादंबरीत हा पेच येतच नाही. डॉड फितूर का झाला ते समजतं. शिंदे कशासाठी लढले, ते मला तरी समजलं नाही.