पाचोळा, दोन तारांवर

गेलं वर्षभर मी स्टील गिटारवर एकच चाल शिकते आहे. जाझवाले तिला 'ऑटम लीव्ह्ज' म्हणतात आणि शिकाऊ मुलांना सुरुवातीलाच देतात. मला वर्ष लागलं त्याचं एक कारण वय आणि दुसरं हाताचा जडपणा. तिसरं कारण माझ्या व्यवसायातलं आहे, आणि त्याबद्दलच इथे लिहायचं आहे. ही चाल मी भाषांतरकाराच्या कानानं ऐकत होते, आणि चुकीची ऐकत होते.

चाल जोसेफ कोस्माची. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसला आलेल्या या संगीतकारानं ती 1945 मध्ये रोलां पेटीच्या एका बॅलेसाठी बांधली. तिच्यावर जाक प्रेव्हेरनं शब्द लिहिले आणि 1946 च्या मार्सेल कार्नेच्या चित्रपटातून ती लोकांपर्यंत पोचली. जॉनी मर्सरचं इंग्रजी गाणं त्यानंतरचं. फ्रेंच शीर्षक 'ले फय मोर्त'. शब्दशः अर्थ 'मेलेली पानं', पण गळून पडलेल्या पानांना फ्रेंच माणूस रोजच्या बोलण्यात हेच म्हणतो. मर्सरनं 'मेलेली' काढून तिथे ऋतू घातला. आमच्या शब्दकोशांनी त्या ऋतूला 'शरद' म्हणून आणखी घोळ केला. मराठीत शरद म्हणजे कोजागिरीचं स्वच्छ चांदणं. मी राहते त्या कोलकात्यात शरद म्हणजे काशफुलं आणि दुर्गापूजा. आपल्याकडे पानं झडतात ती शिशिरात.

तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला असताना एका निबंधात मी मर्सरला नापास केलं होतं. प्रेव्हेरच्या गाण्याला लांब पूर्वभाग आहे. जुन्या सुखाची आठवण, फावड्यानं गोळा केलेली पानं, त्यांच्यासारखेच साठलेले पश्चात्ताप. मर्सरनं तो सगळा भाग सोडला आणि फक्त धृपद घेतलं. धृपदातलाही वाळूवरची पावलं पुसणारा समुद्र गेला. उरली खिडकीपाशी तरंगणारी रंगीत पानं. निबंधाचा निष्कर्ष होता की हे भाषांतर नव्हे, ही सजावट आहे. गुण चांगले मिळाले होते.

वाद्याकडे वळते. स्टील गिटार मूळची हवाई बेटांची. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारा बोटांनी न दाबता त्यांवरून धातूचा बार फिरवायचा. 1940 च्या दशकात टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब कोलकात्यात राहिलं, आणि हे वाद्य बंगाली घरांत रुजलं. सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्या तबकड्यांवर गिटार रवींद्रसंगीत किंवा सिनेमाची गाणी 'गाते'. ऐकणाऱ्याला शब्द पाठ असतात, त्यामुळे प्रत्येक घसरणीत त्याला एकेक अक्षर ऐकू येतं. माझे मास्टरमोशाय याच परंपरेतले. मी ही चाल काढली तेव्हा त्यांनी विचारलं, "शब्द कोणते धरून वाजवतेस? फ्रेंच की इंग्रजी?" मला उत्तर देता आलं नाही.

चाल अशी आहे. षड्ज सूक्ष्म राहू द्या. सा रे आणि कोमल ग, तिथून उडी कोमल धैवतावर, आणि तिथे मुक्काम. पुन्हा एक पायरी खालून तीन स्वर, पुन्हा उडी, मुक्काम पंचमावर. तिसऱ्यांदा मध्यमावर, चौथ्यांदा कोमल गंधारावर. प्रत्येक ओळ वर चढते, आणि प्रत्येक मुक्काम आधीच्यापेक्षा खाली असतो. मर्सरनं टाकलेला फावडा आणि पश्चात्ताप मला इथे सापडला. गोळा करायला चार वेळा वाकायचं, चार वेळा उठायचं, आणि दर वेळी थोडं कमी उठायचं. शब्दांमधून काढलं गेलेलं चालीत आधीपासूनच होतं. मर्सरला ते माहीत होतं की नाही हा प्रश्न वेगळा. माझ्या निबंधात चालीबद्दल एक ओळही नव्हती.

दुसरी गोष्ट हाताला कळली. बार सरळ असतो. पियानोवर दहा बोटांनी हवी ती स्वरसंगती पकडता येते, इथे एका घरात जेवढं मिळतं तेवढंच. पेडल स्टीलवाले पायांनी आणि गुडघ्यांनी तारांचे स्वर बदलतात. बडी एमन्सनं 1963 मध्ये तसल्या गिटारवर 'स्टील गिटार जाझ' ही अख्खी तबकडी केली. माझ्या गिटारला पेडल नाहीत. तारा 'सी सिक्स्थ' पद्धतीनं लावल्यावर मला फक्त दोन तारा उरल्या, बारीक बाजूनं दुसरी आणि चौथी. बाराव्या घरात बार सरळ ठेवला की पहिली संगती मिळते. दुसरीसाठी चौथ्या तारेवरचं टोक एक घर मागे घेऊन बार तिरपा करायचा. तिसरीला अकराव्या घरात पुन्हा सरळ. असं सरळ-तिरपं करत सातव्या घरात उतरलं की ओळींची ती अख्खी माळ पूर्ण होते. या दोन तारांवर प्रत्येक संगतीचे तिसरा आणि सातवा हे दोनच स्वर वाजतात. पण संगती उदास की प्रसन्न, स्थिर की पुढे ओढ घेणारी, हे तेच ठरवतात. मूळ स्वर बेसवाला सांभाळतो. तो नसेल तर कान स्वतःच भरून घेतो.

कॅननबॉल ॲडर्लीच्या 1958 च्या 'समथिन एल्स' या तबकडीत माइल्स डेव्हिस हीच चाल तुतारीच्या तोंडाला म्यूट लावून वाजवतो. मुक्कामाच्या स्वरावर थांबतो आणि पुढची जागा रिकामी ठेवतो. ते ऐकून वाटलं, बस, हेच करायचं.

पण इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून चालणार नाही. डेव्हिसला जागा रिकामी ठेवता येते, कारण 1958 पर्यंत चाल श्रोत्याच्या कानात बसलेली होती. माझ्या मराठी वाचकाला बंगाली मूळ कविता माहीत नसते. मी वगळलेलं तो कुठून भरणार? काही वर्षांपूर्वी एका संपादकांनी माझं कवितांचं हस्तलिखित परत करताना म्हटलं होतं, "सगळं आलंय, पण ऐकू काहीच येत नाही." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, मी सहाही तारा एकदम छेडत होते. मात्र त्यावरचा उपाय 'कापा' इतका सोपा नाही. मर्सरचं कौतुक करताना मी तो सोपा करू पाहते आहे का, अशी शंका मला अजून येते.

'पाचोळा' या शब्दानं थोडा मार्ग दिसतो. फ्रेंच शीर्षक मराठीत आणताना 'मृत' म्हणायची गरज नाही. मरण, जमीन, वारा आणि केरसुणी या शब्दात आधीच आहेत, आणि कुसुमाग्रजांची 'पाचोळा' वाचलेल्याला एकटेपणही वेगळं सांगावं लागत नाही. मूळ स्वर भाषा स्वतः वाजवते आहे. भाषांतरकारानं शोधायचे ते तिसरा आणि सातवा. जिथे मराठी असा आधार देत नाही, तिथे वगळण्याचा अधिकार मला नाही, तिथे सगळं सांगावंच लागेल. ते हस्तलिखित मी पुन्हा उघडलं आहे. प्रत्येक ओळीपाशी हा एकच प्रश्न विचारते, आणि काही ओळी आधीपेक्षा लांब झाल्या आहेत.

राहिल्या त्या चार उड्या. पहिल्या तीन पाच-पाच घरांच्या आहेत. दुसऱ्या तारेवरची पहिली सातव्या घरातून बाराव्यात जाते. बार हातात असला की घसरत जायचा मोह होतो, आणि चारही वेळा घसरलं तर चार हुंदके होतात. मास्टरमोशायांनी फक्त एवढंच सांगितलं, "कुठे घसरायचं नाही, ते आधी ठरव." चौथी उडी शुद्ध निषादावरून कोमल गंधारावर, तिसऱ्या घरातून सातव्यात, चारच घरांची. पहिल्या तीन मी आता सुट्या छेडते. चौथीत बार उचलत नाही.