वरून पाहिलेलं घर

सप्टेंबर २०२१मध्ये एक फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. चहूकडे काळा, धुमसणारा लाव्हा आणि मधोमध एक कौलारू घर, झाडांसकट, धक्काही न लागलेलं. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरचं. तिथे १९ सप्टेंबरला कुंब्रे व्हिएहा डोंगररांगेत ज्वालामुखी फुटला होता. ड्रोनने टिपलेल्या या घराचं 'चमत्काराचं घर' असं बारसंही झालं. मीही तो फोटो दोघातिघांना पाठवला, हात जोडलेल्या इमोजीसकट.

काही दिवसांत लाव्हाने तेही घर गिळलं. ती बातमी मी कुणालाच पाठवली नाही.

फोटो म्हणून तो उत्तमच आहे. काळ्या पसाऱ्यात एवढासा रंग, एखाद्या चित्रकाराने योजून ठेवावा तसा. पण याच नेटकेपणात खोट आहे. इतक्या उंचीवरून लाव्हा थांबल्यासारखा वाटतो. तो सरकत होता. धग कळत नाही, आवाज तर नाहीच. ड्रोनच्या व्हिडिओंवर बहुधा कुणीतरी पियानो चढवलेला असतो. पोहण्याच्या तलावात लाव्हा उतरतो आणि वाफेचा लोट उठतो, तो व्हिडिओ आठवतोय? मी तो तीनदा पाहिला. तलाव कुणाचा, हे एकदाही मनात आलं नाही. त्या वाचलेल्या घराचे मालक, डेन्मार्कचं एक निवृत्त जोडपं, तेव्हा बेटावर नव्हतेच. आणि फोटोत पार्श्वभूमी म्हणून पसरलेला तो काळा रंग म्हणजे त्यांचा शेजार होता.

उद्रेक ८५ दिवस चालला. सुमारे ७,००० लोकांना घरं सोडावी लागली, जवळपास ३,००० इमारती गेल्या. सामान काढायला अनेकांना जेमतेम काही मिनिटं मिळाली. छतांवर राख साचत होती. ती काढायला गेलेले एक वयस्क गृहस्थ नंतर मृतावस्थेत सापडले. यातलं काहीही ड्रोनच्या फ्रेममध्ये मावत नाही.

वरून बघण्याचा मोह मला कळतो. मुंबई-नागपूर विमानात मी खिडकीचीच जागा घेते. नाशिकच्या आसपास सह्याद्रीच्या पायऱ्या दिसतात, त्याही लाव्हाच्याच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. तिथे 'काय सुंदर!' म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण त्या थरांखाली कुणाचं स्वयंपाकघर नाही.

वेर्नर हर्झॉगची 'ला सूफ्रिएर' (१९७७) ही अर्ध्या तासाची फिल्म या ड्रोनपटांशेजारी ठेवून बघा. १९७६मध्ये ग्वादलूप बेटावरचा ज्वालामुखी फुटणार म्हणून ७०,०००हून अधिक माणसं हलवली गेली, आणि हा गडी दोन कॅमेरामन घेऊन रिकाम्या गावात शिरला. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि सिग्नल मात्र आपले बदलतायत. मग झाडाखाली झोपलेला एक माणूस सापडतो. तो जायला तयार नाही. हर्झॉगला स्वतःच्या धाडसाचं कौतुक जरा जास्तच आहे, ते खटकतं. शिवाय ज्याची भीती होती तो महास्फोट झालाच नाही, त्यामुळे सगळा बेत थोडा हास्यास्पदही ठरतो. तरीही तो त्या माणसापाशी थांबला, त्याला उठवून बोलतं केलं. आपल्या ड्रोनला घर सापडलं, माणूस नाही.

अर्थात ड्रोनलाच झोडपणं सोपं आहे. त्याच ला पाल्मावर लाव्हाने वेढलेल्या आवारात काही कुत्री अडकली होती. हेलिकॉप्टर नेणं धोक्याचं होतं, म्हणून ड्रोनने त्यांना खाणं टाकलं जात होतं. पुढे ड्रोननेच त्यांना उचलून आणायचंही ठरलं. तेव्हा तिथे कुत्रीच नव्हती. कुणी निनावी मंडळींनी त्यांना आधीच हलवल्याचं समोर आलं. कुत्री सुखरूप आहेत, असा फलक त्यांनी मागे ठेवला होता.

त्या मंडळींचा फोटो मला कुठेच दिसला नाही.