चादरींसकट आकाशात

गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' (1967) वाचताना अनेकांच्या मनात एक शंका येते. बुएन्दिया घराण्याच्या सात पिढ्यांची भांडणं, लग्नं, बाळंतपणं इतकी खरी वाटत असताना त्याच घरातली रेमेदियोस दिवसाढवळ्या आकाशात निघून जाते, हे मानायचं कसं? तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनावर आपण इतका वाद घातला, मग हिलाच सूट का?

सूट देऊच नये. चमत्कारानंतर घरातली माणसं कशी वागतात, ते तपासावं. रेमेदियोस वर जाते तेव्हा अंगणात चादरींच्या घड्या घालणं चाललेलं असतं आणि त्या चादरीही तिच्याबरोबर जातात. घरातली सून फर्नान्दा मनातून जळते आणि पुढे कितीतरी दिवस चादरी परत मिळाव्यात म्हणून देवाला विनवत राहते. फर्नान्दा अशीच आहे, हे आपण आधीपासून ओळखून असतो. तिच्यावर विश्वास बसतो, म्हणून त्या उड्डाणावरही बसतो. पाद्री निकानोर चॉकलेट पिऊन जमिनीपासून 12 सेंटिमीटर वर उठतो, तोही चर्चसाठी वर्गणी जमवायला!

सगळीकडे मात्र हे साधलेलं नाही. घराण्यातला थोरला मुलगा खोसे आर्कादिओ मरतो तेव्हा त्याच्या रक्ताचा ओघळ गावभर वळणं घेत, गालिचे खराब होऊ नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेने त्याच्या आईच्या, उर्सुलाच्या स्वयंपाकघरात पोचतो. प्रसंग अप्रतिम आहे. पण त्याला कोणी आणि का मारलं, हे कादंबरी कधीच सांगत नाही. इथे मला शंका येते. रक्ताच्या त्या प्रवासाने आपण इतके दिपतो की कारण विचारायचं राहून जातं.

या पुस्तकातली सर्वांत अविश्वसनीय घटना इतिहासात घडलेली आहे. डिसेंबर 1928 मध्ये कोलंबियातल्या सिएनागा गावी युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. कादंबरीत घराण्यातल्या पुढच्या पिढीतला खोसे आर्कादिओ सेगुन्दो प्रेतांनी भरलेल्या आगगाडीत शुद्धीवर येतो, गावात परततो, तीन हजार माणसं मेली म्हणून सांगतो, आणि त्याचं कोणी खरं मानत नाही. चादरींसकट उडालेली मुलगी गावाने मानली, पण हत्याकांड नाकारलं. सरकारी खोटेपणा माणसांच्या मनात कसा मुरतो, हे इतक्या भेदकपणे मांडणारी कुटुंबकथा मी तरी दुसरी वाचलेली नाही.

इसाबेल अयेंदेची 'द हाउस ऑफ द स्पिरिट्स' (1982) याच वाटेने जाते. तिच्यातली क्लारा हात न लावता मिठाची बरणी हलवते, पुढचं भाकीत करते. पण त्यातलं काही टाळू शकत नाही. लष्करी राजवटीत तुरुंगात पडलेल्या नातीसमोर तिचा आत्मा येतो, तेव्हाही तो दार उघडून देत नाही. जगून राहा, जे घडतंय ते लिही, एवढंच सांगतो. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

पुढे अनुकरण करणाऱ्यांच्या हाती चमत्काराची नुसती सजावट उरली. तिला कंटाळूनच अल्बेर्तो फुगेत आणि सेर्हिओ गोमेस या चिली देशातल्या लेखकांनी 1996 मध्ये 'मॅकओन्दो' हा कथासंग्रह संपादित केला आणि मॉल, संगणक, महामार्ग यांच्यातलं लॅटिन अमेरिकन जगणं पुढे आणलं. त्यांचा राग योग्य होता, पण तो मार्केसवर काढण्याचं कारण नव्हतं.

रेमेदियोसपाशी ज्यांनी पुस्तक मिटलं असेल, त्यांनी निदान मजुरांच्या संपापर्यंत तरी वाचावं.